न धुतलेली उशी

हात आपोआप कपाळाकडे निघाला होता. मी तो अर्ध्यावर थांबवला आणि बोटांकडे बघत उभी राहिले. बोटांना ओलं कुंकू लागलं होतं आणि कुंकवाखाली तेलाचा जुना, चिकट थर. सकाळी मी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी अभ्यासिकेत आले, तर खांबाजवळच्या टेबलावर कुणीतरी उदबत्ती लावून ठेवलेली. टेबलावर हळदीकुंकू, झेंडूची फुलं, आणि खुर्चीवर ती उशी. तिच्यावरही कुंकू शिंपडलेलं. मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मी तो पसारा बाजूला सारायला म्हणून उशीला हात लावला आणि देवळातून निघताना जातो तसा हात सरळ कपाळाकडे गेला. माझा हात. युरोपातल्या प्रबोधनाची कारणं झोपेतून उठवून विचारली तरी सांगणाऱ्या बाईचा. मी मोरीत जाऊन तो साबणानं चोळचोळून धुतला. कुंकू गेलं, तेलकटपणा राहिला, आणि ओढणीला पुसला तर ओढणीला वास लागला. दिवसभर तो वास माझ्याबरोबर होता.

या उशीचा इतिहास मला बाकीच्या सगळ्या इतिहासांसारखाच तोंडपाठ आहे. मनोजची ही अभ्यासिका त्याच्या भावाच्या लूमच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर माग खडखडतात, वर आम्ही त्या खडखडाटाची थरथर तळपायांत घेऊन वाचत बसतो, आणि कापसाचा तूस जिन्यानं वर चढून पुस्तकांत, केसांत, पाण्याच्या बाटलीच्या तोंडाशी येऊन बसतो. खांबाजवळच्या जागेवर आधी अंबाडी गावचा एक मुलगा बसायचा. खुर्ची टोचते म्हणून त्यानं घरून उशी आणली. तो तलाठी झाला, उशी राहिली. त्याच्या मागून तिथं बसलेला फौजदार झाला. मग ती नुसती जागा राहिली नाही, तिला रीतभात आली. ज्याची पोस्ट निघाली त्यानं पेढे घेऊन यायचं, उदबत्ती लावायची आणि आपल्या जागी आता कोण बसणार ते सगळ्यांसमोर सांगायचं. आणि उशी धुवायची नाही. धुतली की गुण जातो म्हणे. अभ्र्यावर कधी काळी निळी फुलं होती, ती आता तपकिरी झालीत. उन्हाळ्यात लाइट गेले की उशीला वास सुटतो, माणसांच्या बुडाचा, ओलसर, आंबूस. त्या वासावर पदवीधर माणसं नाक न मुरडता तासन्‌तास बसतात. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे हे त्यांना कलमासकट पाठ असतं, आणि ते त्यांनी याच उशीवर बसून पाठ केलेलं असतं. मला या सगळ्याची शिसारी होती आणि ती मी लपवून ठेवली नव्हती. मनोजला मी तोंडावर सांगितलं होतं की तुझ्या अभ्यासिकेत ढेकूण झाले तर ते या उशीतून होतील. तो हसला. "मॅडम, आपल्याला काय, पोरांची श्रद्धा हाय. श्रद्धेला कशाला हात लावायचा?"

आज रंजिता येणार होती. संध्याकाळी चारला, पेढे घेऊन. नायब तहसीलदार रंजिता, त्या उशीवर शेवटची बसलेली, जिला जगाचा इतिहास मी शिकवला. ती माझंच नाव घेणार हे मी धरूनच चालले होते. ते मला नको होतं हे मी सकाळपर्यंत शपथेवर सांगितलं असतं. पण हात कपाळाकडे गेला आणि तेव्हापासून मला ती जागा हवी होती. उलटी येण्याआधी तोंडात पाणी सुटतं, तसं काहीतरी होतं ते. यंदाची मुख्य परीक्षा माझी शेवटची. बाबांना मी तसा शब्द दिला आहे. बाबा, म्हणजे सुधीर मास्तर, अर्धी भिवंडी ज्यांच्या हाताखालून शिकून गेली, आता शेजारी विचारतात तेव्हा "तिचं चालू आहे" एवढंच म्हणतात, आणि शेजारी पुढं विचारत नाहीत. यंदा पूर्वपरीक्षा निघाली हे मी अभ्यासिकेत कुणाला सांगितलंही नाही. आधी सांगायचे. मग निकाल लागला की माझ्याशी बोलताना लोक आवाज खाली आणायचे, सुतकात बोलतात तसा. त्या आवाजाचा मला इतका तिटकारा आला की मी सांगणंच सोडलं. तर आता असं होतं की ही एकच संधी होती, आणि माझ्या हातात काही नव्हतं, आणि मला वाटत होतं की त्या घाणेरड्या उशीत असेलही काही. नसेल कशावरून?

रंजिता पहिल्यांदा आली ती अंजूरहून, रिक्षात मधे चेंगरून, अंगाला मासळीच्या टोपलीचा वास घेऊन. टोपली तिची नव्हती, शेजारी बसलेल्या बाईची होती, पण तो वास बाकांच्या दोन ओळींपर्यंत पोचला आणि पोरींनी नाकाला रुमाल लावले. तिच्या बापानं, लडकू पाटलानं, जमीन गोडाऊनवाल्यांना देऊन टाकली होती. भाऊ मानकोलीला त्याच गोडाऊनांपैकी एकात शिफ्टवर खोकी उचलायचा. परीक्षा वर्णनात्मक झाली आणि अभ्यासक्रमात जगाचा इतिहास आला, तेव्हा अर्ध्या अभ्यासिकेनं हाय खाल्ली. त्यांनी तोवर चार पर्यायांपलीकडचं जग बघितलं नव्हतं. मी मात्र हे सारं आवडीनं वाचलेलं होतं, परीक्षा नसतानाही. म्हणून मग दुपारी गॅलरीत, पाण्याच्या कूलरशेजारी, मी चारदोघांना शिकवू लागले. बिस्मार्क सांगितला त्या दिवशी रंजिता एकदम म्हणाली, "ताई, ह्यो आमच्या गावच्या सरपंचासारखा हाय. पहिली भांडनं लावायची, मंग मिटवायला आपनच जायाचं, आन मधल्या मधे बांध सरकवायचा." सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला तिचा राग आला. मला बिस्मार्क समजायला तीन जाडजूड पुस्तकं लागली होती. तिला सरपंच पुरला. ती वाचायची कमी, पण जे वाचायची ते तिच्या ओळखीचं निघायचं. मला जगातलं सगळं ठाऊक होतं आणि ओळखीचं त्यातलं काहीच नव्हतं.

तिला सगळ्यात आवडायची ती रेल्वेच्या डब्याची गोष्ट. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनांनी एका जंगलात उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात शस्त्रसंधीवर सही केली. फ्रेंचांनी तो डबा जपून संग्रहालयात ठेवला. पुढं दुसऱ्या युद्धात फ्रान्स हरला, तर हिटलरनं संग्रहालयाची भिंत पाडून तोच डबा बाहेर काढवला, रुळांवर त्याच जागी नेऊन उभा केला, आणि वीसेक वर्षांपूर्वी फ्रेंच सेनापती ज्या खुर्चीवर बसला होता त्याच खुर्चीवर जाऊन बसला. फ्रेंचांना तिथंच सही करायला लावली. "म्हंजे निस्तं जिंकून न्हाय भागलं," रंजिता म्हणाली. "खुर्ची तीच पायजे." मी म्हटलं होतं, हो, माणसाची जात इतकी किळसवाणी आहे. व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मनांनी साम्राज्य जाहीर केलं म्हणून त्यांची मान तिथंच वाकवायची, जंगलात मान वाकवली म्हणून ती त्याच डब्यात सरळ करायची. जागांचे रुसवे. लाखो माणसं चिखलात सडली, उंदरांनी त्यांचे डोळे खाल्ले, आणि वर बसलेल्यांना पडली होती खुर्चीची. हे मी इतक्या तावातावानं बोलले की कूलरपाशी पाणी प्यायला आलेला अथर्व थांबून ऐकत राहिला. आणि मग म्हणाला, "मॅडम, हे उत्तरात कुठं वापरायचं? प्रस्तावनेत की समारोपात?"

हे असं आहे. कारणे, स्वरूप, परिणाम, मूल्यमापन. दीडशे शब्द, दहा गुण. आयर्लंडमध्ये बटाटे काळे पडून कुजले, माणसं गवत खाऊन हिरव्या तोंडानं रस्त्यात मेली, तेही दीडशे शब्दांत, मुद्दे अधोरेखित करून. मी शिकवताना त्यांना सांगायचे की तात्कालिक कारण आणि दीर्घकालीन कारणं वेगळी लिहा, परीक्षक खूश होतो. आई गेली तेव्हा मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये उभी होते. अनसूया मास्तरीण, साऱ्या आळीची मास्तरीण, आत नळ्यांमध्ये पडलेली. बाबा रडत होते, आणि माझं डोकं शांतपणे लिहीत होतं, दीर्घकालीन कारणे: साखर, दुर्लक्ष, मुलीची काळजी. तात्कालिक कारण: न्यूमोनिया. मी ते थांबवू शकले नाही. परिणाम या मथळ्यापाशी आले तेव्हा मला भान आलं आणि मी मोरीत जाऊन ओकले. बाबांना वाटलं, मी आईसाठी ओकतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. तेव्हापासून चांगलं उत्तर लिहून झालं की मला जिभेवर आंबट लागतं, आणि उत्तरं दिवसेंदिवस चांगलीच होत चाललीत. चांगली, पण पुरेशी नाहीत. रंजिताची उत्तरं माझ्याइतकी बांधीव नव्हती. तरी तिची पोस्ट निघाली. त्यात दोष कुणाचा नाही, आणि दोष कुणाचा नाही हेच मला सहन होत नाही.

दुपारी पोटात काही नव्हतं म्हणून चहाला खाली उतरले. जिन्यात कुणीतरी माव्याची पिंक टाकलेली, तिच्यावर तूस चिकटून तिला केस आल्यासारखे दिसत होते. लूमच्या दारात बसलेला कारागीर मला रोज बघतो. "दीदी, सँभल के, ऑइल गिरा है," तो म्हणाला, आणि मी तेल ओलांडल्यावर हसून, "ऊपर वाली मैडम का हो गया ना? आप मिठाई कब खिला रही हो?" मी म्हटलं, "खिलाऊँगी." त्याच्या मनात काही नव्हतं. टपरीवरचा वडा एका जुन्या प्रश्नपत्रिकेत बांधून आला. तेलात भिजलेल्या कागदावर रशियन क्रांतीचा प्रश्न होता, पर्याय दिसत नव्हते, आणि मी वडा खाता खाता उत्तर आठवत होते. घास तोंडात फिरू लागला. वडा तिथल्या कुत्र्याला टाकला तर त्यानं हुंगून सोडून दिला. वर आले तेव्हा खांबाजवळ गर्दी होती. अथर्व उशी नीट करत होता, थापटत नव्हता, नुसती कडांना धरून सरळ करत होता. थापटली तर त्यातलं जे काय असतं ते उडून जाईल असं त्याला वाटत असावं. सकाळची पूजा त्याचीच. मी जवळ गेले तसा तो बाजूला झाला, जरा जास्तच आदरानं. "मॅडम, आज तुमचा दिवस," तो म्हणाला. मी म्हटलं, "मूर्खपणा आहे सगळा." म्हटलं खरं, पण आवाज माझ्याच कानाला खोटा लागला. मला त्याच्या गळ्यात पडून विचारावंसं वाटत होतं, खरंच आज माझा दिवस आहे का रे?

चारला रंजिता आली. नवी साडी, तिला न शोभणारी पर्स, बरोबर तिच्याच गावची काशी. आजीचं नाव ठेवलेली ही काशी गेल्या वर्षापासून आमच्यात बसते. गप्प असते, नखं खाते, आणि प्रश्न विचारायच्या आधी हात वर करते. रंजितानं सगळ्यांच्या देखत माझे पाय धरले. मी तिला उठवलं. तिच्या खांद्याला अत्तर लावलेलं होतं, आणि त्याखाली तिचा नेहमीचा घाम. मला भरून आलं, खरोखर आलं, आणि त्याच क्षणी मी तिच्या खांद्यावरून उशीकडे बघत होते. मनोजनं पेढ्यांचा डबा फिरवला. पेढा टाळूला चिकटून बसला, तुपकट, विलायचीचा भपका मारणारा. मला तो गिळवेना आणि थुंकवेना. मग रंजितानं उदबत्ती लावली आणि बोलायला उभी राहिली.

"मना भाषन येत न्हाय," ती म्हणाली. "मी काय हाय ती ताईंमुळं. ताईंनी मना जग दावलं. आमच्या घरात तर जग मानकोलीच्या पलीकडं न्हवतं." टाळ्या झाल्या. "तर आता जागेचं. ही जागा मी काशीला देते. तिला गरज हाय. तिच्या घरात सोयरीक बघतात, ह्या वर्साला न्हाय जालं तर तिला बसवतील घरी." काशीनं नख तोंडातून काढलं. "आन ताईंना कशाला जागा पायजे? ताई तर आपल्या सगल्यांच्या सर हायत. ताईंसाठी मी दुसरं आनलंय." मनोजनं पिशवीतून शाल काढली, नारळ काढला. मला काही कळायच्या आत शाल माझ्या खांद्यांवर होती. जाड, नायलॉनची, जरीकाठी, त्या उकाड्यात. मान खाजू लागली. सगळे टाळ्या वाजवत होते, मोबाइल वर धरून फोटो काढत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर फार प्रेम होतं. निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांना देतात ते प्रेम. बाबांच्या निरोपसमारंभात मी ते बघितलं होतं, बाबांच्या खांद्यावर अशीच शाल होती, आणि घरी आल्यावर ती त्यांनी घडी न मोडता कपाटात टाकली होती. काशी खुर्चीपाशी गेली. आधी उशीला नमस्कार केला, मग हळूच, अर्धीच, कडेला बसली. मी पेढा गिळला.

"ती जागा मला पाहिजे," मी म्हणाले.

कुणाला वाटलं मी गंमत करतेय. एकदोघं हसली. अथर्व म्हणाला, "मॅडम, पण तुम्हीच तर म्हणायच्या ना, की हे सगळं..." मी म्हटलं, "मी काय म्हणायचे ते मला माहीत आहे. मला पाहिजे. मीपण परीक्षा देतेय. माझीपण मुख्य आहे." आवाज फाटला. नारळ अजून माझ्या हातात होता आणि तो कुठं ठेवावा ते मला सुचत नव्हतं. खालचे माग चालू होते, नाहीतर फार शांत झालं असतं. कुणीच हसत नव्हतं आता. रंजिता माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही, कारण त्यात राग नव्हता, खंत नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "ताई," ती म्हणाली, आणि तिनं आवाज खाली आणला, "मना म्हाईत न्हवतं तुमी अजून देता."

त्याच आवाजात. मला तिथून चालतं व्हायला हवं होतं. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकून, नारळ मनोजच्या हातात देऊन, ओल्या तेलावरून जपून पाय टाकत खाली, रस्त्यावर. मी गेले असते तर त्यांनी दोन दिवस माझ्याबद्दल बोलून मग सोडून दिलं असतं, आणि मला माझा तोरा तेवढा उरला असता. मी हलले नाही. मी उशीकडे बघत राहिले. एवढी माणसं तिच्यावर घामेजून गेली होती, एवढी भीती तिनं शोषून घेतली होती, आणि त्यांचं झालं होतं. झालं होतं ना? मला आता कोणतंही कारण नको होतं, स्वरूप नको, मूल्यमापन नको. मला बसायचं होतं. काशी उठली. तिचं तोंड पडलं नव्हतं की फुगलं नव्हतं. तिनं आपली ओढणी सावरली, खुर्ची जराशी मागं ओढली, आणि एस्टीत म्हातारी चढल्यावर शहाणी पोर देते तशी मला जागा करून दिली. "बसा ना, ताई," ती म्हणाली. "मी काय, मी कुठंपन बसन."

मी बसले. उशी तिच्या अंगानं कोमट झाली होती आणि खाली ओलसर होती. ती माझ्या वजनानं दबली आणि तिच्यातून तो वास वर आला. लोक आपापल्या जागी गेले. पानं उलटल्याचे आवाज सुरू झाले, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, मनोजनं भिंतीवरचा पंखा माझ्याकडे वळवला. काशी तेवढी शेजारी उभी राहिली होती, मी नीट बसले की नाही ते बघत. "बरं वाटतंय ना, ताई?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. खरंच बरं वाटत होतं.